शिवकालीन जामा शिवताना: पुरावा, कापड, बेत आणि टाका

६ जूनला, किंवा तिथीप्रमाणे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, रायगडावर गेलेल्या कोणालाही हे दृश्य परिचित असेल: मर्दानी खेळ करणारी मुले घामाने निथळत असतात आणि अंगावर चकचकीत, सोनेरी लेस लावलेले, पॉलिएस्टरच्या मखमलीचे अंगरखे असतात. श्रद्धा खरी असते, मेहनत खरी असते, दांडपट्ट्याचा हातही तयारीचा असतो. पण अंगावरचे कापड १६७४ सालच्या कोणत्याही माणसाने ओळखले नसते. जे लोक हे प्रयोग मनापासून करतात आणि आपला पोशाख काळाला धरून असावा असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सगळा पोशाख एकदम हाती घेण्याऐवजी मी येथे मुख्यतः एकाच वस्त्राविषयी लिहिणार आहे, ते म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनमध्ये घातला जाणारा, काखेखाली बंदांनी बांधला जाणारा लांब, घेरदार जामा. तो नीट जमला की पटका (म्हणजे कंबरेला गुंडाळायचे लांब कापड), सुरवार आणि शिरोभूषण हे त्याच्या मागोमाग मार्गी लागतात. तो चुकला तर वर कितीही दागिने चढवले तरी नाटकाचाच वेष दिसतो.

कात्री हातात घेण्यापूर्वी एका कागदावर एक वाक्य लिहावे: आपण कोण आहोत, कोठे आहोत आणि कोणत्या साली आहोत. ‘शिवकालीन’ हा शब्द या कामापुरता निरुपयोगी आहे, कारण १६३० ते १६८० ही पन्नास वर्षे आहेत आणि सरदार, कारकून, हेटकरी (कोकणातले पायदळी शिपाई) व बारगीर (सरकारी घोड्यावरचे स्वार) यांच्या ऐपतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या शिवणाच्या टेबलावर भिंतीला टाचलेले वाक्य असे आहे: ‘१६७४, कोकणातल्या एका गडावरचा, बेताच्या ऐपतीचा कारकून.’ या वाक्याने माझे जेवढे पैसे वाचवले तेवढे कोणत्याही दुकानातल्या सवलतीने वाचवले नसतील, कारण कारकुनाला किनखाब, म्हणजे जरीचे रेशमी कापड, लागत नाही, मोत्यांची माळ लागत नाही आणि जरीचा पटकाही लागत नाही. नवख्या माणसाने राजाचा किंवा सरदाराचा पोशाख करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. साधा सुती जामा उत्तम शिवणे हे श्रीमंती जामा बरा शिवण्यापेक्षा सोपे आहे, स्वस्त आहे आणि पाहणाऱ्याला अधिक पटणारे आहे.

पुरावा कोठे पाहावा

त्या काळातले दख्खनी कापडी कपडे आपल्या हवेत फारसे टिकलेले नाहीत, त्यामुळे मुख्य आधार चित्रांचा. शिवाजी महाराजांची गोवळकोंडा शैलीतली चित्रे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. इटालियन प्रवासी मनुची याने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून काढून घेतलेल्या चित्रांचा संग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि त्यातल्या चित्रात घोड्यावरच्या महाराजांबरोबर पायी चालणारे शिपाईही दिसतात. बहुतेक जण मधल्या आकृतीकडेच पाहतात. आपण मात्र कडेच्या माणसांवर नजर ठेवावी, कारण आपल्यातल्या बहुतेकांना त्यांचेच काम करायचे असते. चित्र मोठे करून एकेक गोष्ट टिपावी: कंबरेची रेषा बरगड्यांच्या खाली किती उंचावर येते, घोळ पोटरीपर्यंत आहे की घोट्यापर्यंत, बाहीच्या चुण्या मनगटापासून कोठपर्यंत चढल्या आहेत, पटका किती रुंद बांधला आहे.

येथे दोन सापळे आहेत. पहिला नंतरच्या काळाचा. आपल्या डोळ्यांसमोरची ‘मराठा’ प्रतिमा मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या वेषावर, छापील तसबिरींवर आणि चित्रपटांवर पोसलेली आहे. छातीवर गोलाकार उघडीक असलेला अंगरखा, शिंदेशाही आणि होळकरी पगड्या, पुणेरी पगडी ही सर्व वस्त्रे आपापल्या जागी देखणी असली तरी १६७४ सालच्या माणसाच्या अंगावर ती शोभत नाहीत. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले हे रास्तच झाले, परंतु ती घालून मावळा होता येत नाही.

दुसरा सापळा अधिक लबाड आहे आणि त्यात मी स्वतः सापडलो. जाम्याचे बंद कोणत्या काखेखाली यावेत याला त्या काळी अर्थ होता: मुघल चित्रांत सामान्यतः मुसलमान व्यक्तीचे बंद तिच्या उजव्या काखेखाली आणि हिंदू व्यक्तीचे डाव्या काखेखाली दिसतात. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनेही आईन-इ-अकबरीत नोंदवले आहे की, पूर्वी डाव्या बाजूस बांधले जाणारे एक वस्त्र बादशहाने गोल घेराचे आणि उजव्या बाजूस बांधण्याचे करविले. हा संकेत मला ठाऊक होता, तरी पहिला जामा मी चुकीच्या बाजूस बांधला, कारण माझ्यासमोर मूळ चित्र नव्हते, तर त्यावरून युरोपात कोरलेल्या ठशाची छपाई होती. तांब्याच्या पत्र्यावर चित्र जसेच्या तसे कोरले की कागदावर ते उलटे उमटते. डावे ते उजवे होते. आमच्या पथकातल्या एका वडीलधाऱ्यांनी सरावाच्या वेळी नुसते बोट दाखवले आणि मला आठ बंद उसवून पुन्हा लावावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येक चित्रात आधी तलवार कोणत्या कुशीला आहे ते पाहतो. ती उजव्या कुशीला दिसली तर चित्र उलटे असण्याची शंका घ्यावी आणि मूळ शोधावे. दख्खनी चित्रांत बंदांचा संकेत गृहीत न धरता प्रत्येक वेळी तपासून घ्यावा, हेही सांगून ठेवतो.

कापड

पोशाखाचा खरेपणा नक्षीत नसून कापडात असतो, हे मला फार उशिरा कळले. पाच पावलांवरून नक्षी दिसत नाही, पण कापड कसे पडते, वाऱ्यावर कसे हलते आणि उन्हात कसे चमकते ते पन्नास पावलांवरून कळते. म्हणून खर्चाचा मोठा भाग हातमागाच्या, शक्य तर हातसुताच्याही, साध्या सुती कापडावर करावा. कारकुनाच्या किंवा शिपायाच्या जाम्याला मध्यम जाडीची खादी चालते. ऐपतदार माणसाला तलम मलमल शोभते, मात्र तिच्यातून आतली सुरवार दिसते आणि तशी ती मुघल व दख्खनी चित्रांतही दिसते, तेव्हा संकोचाने अस्तर लावू नये. श्रीमंत वेषासाठी मशरू हा चांगला पर्याय आहे. त्यात ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) सुताचा असतो. वरून साटिनची झळाळी दिसते आणि अंगाला सूत लागते. छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीचे औरंगाबाद) हिमरू हे कापडही सूत आणि रेशीम यांच्या मेळातले असते, परंतु त्याचा संपूर्ण जामा जड होतो.

दुकानदाराने ‘प्युअर कॉटन’ म्हटले तरी चार धागे काढून घरी जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि मऊ करडी राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि त्याची काळी गुठळी बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळते, आक्रसते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. ताणा आणि बाणा दोन्हीकडचे धागे वेगवेगळे जाळावेत, कारण पुष्कळदा भेसळ एकाच दिशेला असते. मर्सराइज्ड, म्हणजे रसायनाने चमकवलेले, सूत टाळावे, कारण ती एकसारखी झळाळी १८४४ नंतरच्या प्रक्रियेची आहे. जरीचीही परीक्षा करावी. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळून तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेला असतो, बाजारातल्या पुष्कळ जरीत तांबे असते आणि सर्वात स्वस्त ‘जर’ म्हणजे चमकते प्लॅस्टिक. खरी जर परवडत नसेल तर जर लावूच नये. त्या काळच्या बहुतेक माणसांनाही ती परवडत नव्हती.

पांढऱ्या रंगाविषयी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. गिरणीच्या पांढऱ्या कापडावर आणि आपल्या घरातल्या धुण्याच्या पावडरीतही टिनोपॉलसारखी उजळक द्रव्ये असतात. ती सूर्यप्रकाशातले अदृश्य किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. त्यामुळे गडावरच्या कडक उन्हात असा जामा ट्यूबलाइटसारखा पेटतो, विशेषतः छायाचित्रांत. कोरे, न उजळलेले कापड घ्यावे, खळ काढण्यासाठी रात्रभर भिजवावे, रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुवावे आणि उन्हात वाळवावे. त्याला येणारा सायीसारखा पांढरा रंग हाच आपला रंग. या धुण्यात कापड आटूनही घेते. मी एकदा घाईत न धुता बेतले आणि पहिल्या पावसानंतर बाह्यांनी मनगट सोडले.

रंगाच्या बाबतीत १८५६ हे साल लक्षात ठेवावे, कारण पहिला गाजलेला कृत्रिम रंग त्या वर्षीचा. त्यापूर्वी निळ्यासाठी नीळ, तांबड्यासाठी आल आणि मंजिष्ठ या झाडांच्या मुळ्या, पिवळ्यासाठी हळद, गुलाबी-केशरीसाठी कुसुंबा (करडईची फुले), काळ्यासाठी हिरडा आणि लोखंड होते. घरी आरंभ करायचा असेल तर मंजिष्ठ सर्वात सोपी: धुतलेले कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या पाण्यात भिजवून प्रत्येक वेळी वाळवावे आणि नंतर मंजिष्ठेच्या काढ्यात मंद आचेवर तासभर हलवत राहावे. हलवणे थांबले की चट्टे पडतात. ‘शिवकालीन भगवा’ म्हणून जो झगझगीत नारिंगी विकला जातो त्याचा आणि कावेने (तांबड्या मातीने) किंवा कुसुंब्याने आलेल्या भगव्याचा काहीही संबंध नाही. गुळाच्या पाण्यात लोखंड सडवून केलेला काळा रंग फार सुंदर येतो, पण त्यातले लोह कापडाला वर्षानुवर्षे खात राहते, म्हणून तो पटक्यासारख्या बदलता येणाऱ्या वस्त्रावरच वापरावा.

बेत

जुन्या वस्त्रांचा बेत समजायचा असेल तर माग समजून घ्यावा. धावता धोटा, म्हणजे आडवा धागा आपोआप इकडून तिकडे नेणारे साधन, इंग्लंडमध्ये १७३३ साली आला. त्याआधी विणकर एका हाताने धोटा टाकी आणि दुसऱ्या हाताने झेली, त्यामुळे एकट्या विणकराच्या कापडाचा पन्हा (रुंदी) त्याच्या हातांच्या पल्ल्याइतकाच असे. म्हणून जुना शिंपी कापडातून वळणदार आकार कापून चिंध्या उरवत नाही. तो सरळ पट्ट्या आणि तिरक्या कळ्या (वर अरुंद, खाली रुंद तुकडे) एकमेकींत बसवून बेततो. आजच्या शर्टाचा नमुना घेऊन त्याला घेर जोडला तर जामा होत नाही, आणि जाणकाराला ते सर्वप्रथम खांद्यावर कळते.

पुढील मापे १७० से.मी. उंचीच्या आणि ९६ से.मी. छातीच्या माणसासाठी आहेत. ती माझ्या वापरातली आहेत, कोणत्याही एका मूळ वस्त्राची नाहीत. ९० से.मी. पन्ह्याचे साडेपाच मीटर कापड घ्यावे. धुऊन आटल्यावर पाच मीटरच्या आसपास हाती लागते. वरचा भाग खांद्यापासून ४० से.मी. उंच, म्हणजे कंबर बेंबीच्या बरीच वर येते. पाठीचा एकच तुकडा, आणि पुढचे दोन तुकडे असे की दोन्ही छाती ओलांडून समोरच्या काखेपर्यंत पोहोचतात. त्यामुळे गळ्याशी तिरकी चीर आपोआप तयार होते. खालच्या घोळासाठी १२ कळ्या: प्रत्येकीचा माथा ११ से.मी., तळ ३० से.मी. आणि लांबी ७५ से.मी., शिवणीची जागा वेगळी. एक कळी सुलटी आणि शेजारची उलटी ठेवली तर ९० से.मी. पन्ह्यात एका ओळीत चार बसतात आणि तीन ओळींत घोळ पुरा होतो. माथ्यांची बेरीज १३२ से.मी. भरते, ती कंबरेपेक्षा जास्त आहे, कारण पुढे एक पदर दुसऱ्यावर येतो. खालचा घेर ३६० से.मी. होतो आणि चालताना तो घंटेसारखा उघडतो.

बाही हाताच्या लांबीपेक्षा निदान २५ ते ३० से.मी. जास्त ठेवावी, म्हणजे ती मनगटाकडून वर सारली की चुण्या पडतात. मनगटाशी घेर २२ ते २३ से.मी., म्हणजे पंजा आवळून जेमतेम जाईल इतकाच असावा, नाही तर चुण्या उभ्या राहत नाहीत आणि बाही पंजावर घसरते. दांडपट्टा फिरवणाऱ्यांनी मात्र पट्ट्याच्या लोखंडी खोबणीत हात घालून आधी पाहावे; आत चुण्यांचा बोळा झाला तर पकड बिघडते, आणि तेथे बाही थोडी आखूड करणे हा शहाणपणा आहे.

बाही बसवण्यासाठी गोल मुंढा (खांद्याची खाच) कापू नये. बाही वरच्या भागाला सरळ रेषेत जोडावी आणि काखेत १२ से.मी. चौरसाचा तुकडा तिरका बसवावा. हाच चौबगळा. हा एवढासा तुकडा म्हणजे जाम्याचे मर्म आहे. तो नसेल तर हात डोक्यावर नेताच कंबरेची रेषा छातीवर चढते, पटका सुटतो आणि तिसऱ्या फेकीला काख फाटते. तो असेल तर जामा जागचा हलत नाही. आधी मांजरपाटाचा कच्चा जामा धावदोऱ्याने जोडून, तो घालून, आपला पूर्ण खेळ एकदा खेळून पाहावा. आरशासमोर उभे राहून केलेली परीक्षा उपयोगाची नाही.

टाका

शिवणयंत्राचा प्रश्न पथकांत हटकून निघतो. माझे मत मवाळ आहे: घोळाच्या कळ्या जोडणाऱ्या लांब आतल्या शिवणी नवशिक्याने यंत्रावर घातल्या तर मी हरकत घेत नाही, पण बाहेरून दिसेल असा एकही टाका यंत्राचा नसावा. यंत्राची टीप दोन्ही बाजूंनी सारखी, ताठ आणि निर्जीव दिसते, तिच्यामुळे कडा पुठ्ठ्यासारख्या उभ्या राहतात, आणि हे दोन पावलांवरून लक्षात येते.

हाताने शिवताना सुती दोरा मेणावरून ओढून घ्यावा, म्हणजे तो पिळत नाही. कळ्या धावदोऱ्याने जोडून दर पाच-सहा टाक्यांनंतर एक उलटटाका घालावा. मग शिवणीची एक कड निम्मी कापून दुसरी तिच्यावर दुमडावी आणि बारीक टाक्यांनी कापडाला बसवावी. आत कोठेही उघडी कड राहत नाही, धुण्यात दशा सुटत नाहीत आणि ओव्हरलॉकची गरजच उरत नाही. काख आणि कंबर येथे मात्र सर्वत्र उलटटाका हवा, कारण सगळा ताण तेथे येतो. इंचाला आठ ते दहा टाके पुरतात. तळाची किनार आणि गळा यांना आतून उरेबपट्टी (तिरकी कापलेली पट्टी) लावावी. ती वेगळ्या रंगाच्या कापडाची असली तर चालताना मध्येच चमकून जाते, आणि मला तरी ही एकच चैन कारकुनाला परवडेल असे वाटते. पहिल्या जाम्याला मला सहा आठवड्यांच्या संध्याकाळी लागल्या.

बंद त्याच कापडाच्या अरुंद पट्ट्या चौपदरी दुमडून शिवावेत. आतला पदर आधी विरुद्ध काखेत आतून बांधला जातो आणि मग बाहेरचा पदर त्याच्यावरून येऊन दुसऱ्या काखेखाली बांधला जातो. म्हणून आतले बंद विसरू नयेत. बाजारातल्या वेषांत ते नसतात आणि त्यांच्या जागी वेलक्रो असतो. बंद जेथे जोडतो तेथे आतून चौकोनी ठिगळ लावावे, नाही तर प्रत्येक गाठ कापडच ओढते.

वर काय घालावे

पटका अर्धा मीटर रुंद आणि चार-साडेचार मीटर लांब असला की दोन-तीन वेढे बसून पुढे टोके लोंबतात. साधा सुती पटका पुरतो. ऐपत दाखवायची असेल तर टोकांना फुलांची ओळ असलेला छापील किंवा हाताने रंगवलेला घ्यावा. डोक्याला शिवलेली टोपीवजा पगडी न घालता कापड रोज हाताने बांधावे, मग ते थोडे वाकडे झाले तरी हरकत नाही. खाली सुरवार किंवा, शिपाई असाल तर, गुडघ्यापर्यंतचा चोळणा. पायताण बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याचे घ्यावे, रबरी तळाचे नको. चष्मा आणि घड्याळ यांविषयी वेगळे सांगायला नकोच.

स्त्रियांच्या वेषाचे काम स्वतंत्र आहे आणि त्याची समकालीन चित्रे फार थोडी मिळतात. एवढेच म्हणेन की नाडी लावून शिवलेली तयार नऊवारी टाळावी, हातमागाचे सुती लुगडे घ्यावे आणि ते नेसायला घरातल्या आजीकडून शिकावे.

वापरून झालेला जामा घामासकट गुंडाळून ठेवू नये. रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा, बंद सोडून सरळ करावेत आणि जुन्या मलमलीत बांधून ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात बुरशी धरते. उसवलेली काख किंवा ठिसूळ झालेला काळा पटका पुढच्या ज्येष्ठातल्या सोहळ्याच्या आदल्या रात्री लक्षात येऊ नये, म्हणून दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेतच सगळा पोशाख एकदा उघडून पाहावा.